बसता-उठता येईल अशी तिचाकी

गुडघे कुरकुरायला लागले, कंबर धरायला लागली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो सायकल सोडून देण्याचा. मला ती सोडायची नव्हती. जुळे सोलापुरातून शाळेत मी वर्षानुवर्षं लेडीज सायकलवर गेले, गणित-विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, तरी सकाळची फेरी चालूच होती. मग कमरेतली चकती सरकली, आणि ती जरा आटोक्यात येतेय तोवर चक्कर सुरू झाली. आतल्या कानाचा त्रास. मागचं वाहन बघायला मान वळवली की रस्ता तिरका व्हायचा. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: पायांची हालचाल थांबवू नका, आणि दोन चाकांवर तोल सांभाळायच्या भानगडीत पडू नका. म्हणजे तीन चाकं आली.

मोठ्या माणसासाठी तीन चाकी सायकल मागितली की दुकानदार दोन प्रकार दाखवतात. एक हाताने फिरवायची, दिव्यांगांसाठीची. दुसरी म्हणजे नेहमीच्याच सायकलला मागे दोन चाकं आणि मोठी जाळीची टोपली. ही दुसरी मी चालवून बघितली. सरळ रस्त्यावर ती बरी चालते, पण वळणावर अंग बाहेर फेकलं जातं. दुचाकीवर आपण वळताना आत झुकतो. इथे झुकता येत नाही, बसायची जागा उंच असते आणि मागचं आतल्या बाजूचं चाक उचलायला बघतं. शिवाय आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते, त्यामुळे कडेने जाताना ती सारखी डावीकडे ओढत होती. हँडल आवरून माझे दंड भरून आले. आणि मूळ दुखणं होतं तिथंच. सीट तेच, मणक्यात जाणारे धक्के तेच, तळहातांवरचा भारही तोच.

भाच्याने मग मोबाइलवर रिकंबंट ट्राइक दाखवली. आरामखुर्चीसारखी जाळीची बैठक, पाठ पूर्ण टेकलेली, पाय समोर पसरलेले, पायडल अगदी पुढच्या टोकाला आणि हँडल मांड्यांच्या दोन्ही बाजूंना. शरीराचं वजन पाठ, कंबर आणि बैठकीत वाटलं जातं, हातांवर काहीच येत नाही. जमिनीजवळ बसल्यामुळे तिचाकी असूनही वळणावर ती घट्ट राहते. बघताक्षणी मला वाटलं, हीच. पण पसंत पडणं आणि दारात येणं यात बरंच अंतर होतं, आणि ते कापताना जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण मला हे सगळं मराठीत एका जागी कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

इतकी आरामाची सायकल दुकानांत का नाही, हा प्रश्न मला फार छळत होता. त्यामागे थोडा इतिहास आहे. जुलै 1933 मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रेलून चालवायच्या दुचाकीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एगचा, 1914 पासून कुणी न मोडलेला. फोर हा काही पहिल्या फळीतला शर्यतपटू मानला जात नव्हता, त्यामुळे खळबळ उडाली आणि 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाहेर काढल्या. शर्यतीत नाही म्हणजे कारखान्यात नाही, कारखान्यात नाही म्हणजे दुकानात नाही. आज या ट्राइक बनवतात त्या मोजक्या कंपन्या: इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली आयसीई, जर्मनीतल्या एचपी वेलोटेक्निक आणि हासे, अमेरिकेतल्या कॅट्राइक आणि टेराट्राइक, मूळची ऑस्ट्रेलियातली ग्रीनस्पीड, चेक प्रजासत्ताकातली अझुब. एका तांत्रिक निर्णयाने माझ्यासारख्या लाखो माणसांच्या वाट्याची सोय इतकी वर्षं अडगळीत राहिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

यात मुख्य जाती दोन. पुढे दोन चाकं आणि मागे एक, ती टॅडपोल. पुढे एक आणि मागे दोन, ती डेल्टा. डेल्टाची पुढची बाजू मोकळी असते, त्यामुळे बसायला सोपी, आणि ती अगदी कमी जागेत वळते. पण जोरात वळवली तर टॅडपोलपेक्षा लवकर कलंडू शकते. टॅडपोल वळणाला भक्कम, ब्रेक पुढच्या दोन्ही चाकांना, आणि दोन्ही पुढची चाकं डोळ्यांसमोर असल्यामुळे खड्ड्यातून काय जाणार ते दिसतं. मात्र तिच्यात बसताना दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा पायांच्या मधे येतो, आणि बहुतेक टॅडपोल फार खाली असतात. शर्यतीच्या धाटणीच्या तर जमिनीपासून वीतभर उंच. फोटोत देखण्या दिसतात, पण त्यातून उठणार कसं?

हा उठण्याचा प्रश्नच माझ्या सगळ्या निवडीचा कणा ठरला. गिअर किती, वजन किती, वेग किती, याच्या चर्चा वाचत बसण्याऐवजी मी घरी मोजायला सुरुवात केली. आधी देवघरातल्या पाटावर बसले. उठताना भिंत धरावी लागली. मग चौरंगावर. मग बुटक्या स्टुलावर, आणि त्या स्टुलावर जुनी पाठ्यपुस्तकं एकेक ठेवत गेले. हात छातीशी घेऊन, कशालाही न धरता जिथून उठता आलं ती उंची टेपने घेतली: 41 सेंटीमीटर. हाताने रेटा दिला तर 36 पर्यंत चालत होतं. त्याच्या खाली नाही. एवढ्या एका आकड्याने माझी यादी अर्ध्याहून कमी झाली. सायकल बघायला निघण्याआधी प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं, विशेषतः पन्नाशीपुढच्या बायकांनी. बसणं सगळ्यांनाच जमतं, कारण खाली जायला पृथ्वी मदत करते.

दुसरं माप पायांचं. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, पाय सरळ पसरायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर घ्यायचं. पायडल ज्या नळीवर असतात ती पुढेमागे सरकते, काही ट्राइकमध्ये नळी पक्की असते आणि सीट सरकतं. आपलं माप त्या मर्यादेत बसतं का हे विकणाऱ्याला आधी विचारायचं. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे मला हे माप कामाला आलं. दोन ट्राइक नुसत्या फोनवरच बाद झाल्या, आणि पुण्याची एक खेप वाचली.

तिसरं माप घराचं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टॅडपोलची रुंदी साधारण 75 ते 85 सेंटीमीटर आणि लांबी दोन मीटरच्या आसपास. आमचं फाटक तीन फुटी, पण पुढे जिन्याखालची बोळकांडी आहे आणि तिथे काटकोनात वळावं लागतं. मी घरातली साठ बाय नव्वदची चादर घेतली. ती उभी दुमडली की तीस इंच रुंद होते, म्हणजे 76 सेंटीमीटर. ती जमिनीवर पसरली, खडूने कडेने रेघ मारली आणि भाचा आणि मी दोघांनी चार टोकं धरून ती चादर ताठ ठेवत फाटकातून बोळात नेऊन बघितली. वळणावर मागचं टोक अडलं. पण टॅडपोलचं मागचं टोक निमुळतं असतं, एकाच चाकाचं, म्हणून तिथे मागून उचलून ती फिरवता येईल हे कळलं. डेल्टाच्या मागे दोन चाकं, तिचं ते रुंद टोक तिथे बसलंच नसतं. डेल्टाचा विचार मी त्या बोळात सोडला, नाहीतर सहज बसता येतं म्हणून तिच्याकडे माझा ओढा होता.

घडी होणाऱ्या ट्राइकही असतात. गाडीत घालून न्यायची असेल किंवा लिफ्टमध्ये बसवायची असेल तर त्या उपयोगी. मला गरज नव्हती, आणि घडीचे सांधे म्हणजे सैल होणाऱ्या आणखी दोन जागा.

गिअरचा हिशेब मात्र मी आवडीने केला. रेलून बसल्यावर चढाला उभं राहून, अंगाचा भार टाकून पायडल मारता येत नाही. जे काही करायचं ते पायांनी आणि गिअरने. म्हणून सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे हे बघायचं. पुढच्या चेनव्हीलच्या दातांना मागच्या दातांनी भागायचं आणि चाकाच्या इंचांनी गुणायचं. आकडा जितका लहान तितका गिअर हलका. माझ्या जुन्या सायकलचे दात मोजले: पुढे 44, मागे 18, चाक 26 इंची, म्हणजे साधारण 63.5. बघितलेल्या एका ट्राइकला पुढे एकच 38 चं चेनव्हील, मागे सगळ्यात मोठं 32 आणि मागचं चाक 26 इंची. तिचा हलका गिअर आला 31 च्या जवळ. दुसरीला पुढे 30, मागे 34 आणि तिन्ही चाकं 20 इंची: 17.6. गुडघे सांभाळायचे असतील तर या दोघींत तुलनाच नाही. रिकंबंटवर पाठीला टेकू असल्यामुळे माणूस नकळत खूप जोर लावतो, आणि तो सगळा गुडघ्यावर येतो. जड गिअरवर रेटत बसायचं नाही, हलक्यावर पाय भरभर फिरवायचे.

20 इंची चाकांचा आणखी एक फायदा सोलापुरात राहणाऱ्याला कळतो. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 47-406. यातला दुसरा आकडा रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 20 इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत 406 ही असतं आणि 451 ही असतं, आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. 406 म्हणजे आपल्याकडच्या मुलांच्या 20 बाय 1.75 च्या सायकलचं माप. ते टायर-ट्यूब नव्या पेठेत काय, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं. 451 असतं तर प्रत्येक पंक्चरला पुण्याकडे बघावं लागलं असतं. मी विकणाऱ्यांकडून टायरच्या त्या आकड्याचा फोटो मागवायचे. एकाने 451 पाठवलं, तिथेच नमस्कार केला.

आता पैशाचं. मी शोधत होते तेव्हा नवीन ट्राइक परदेशातच लाख-सव्वा लाखापासून सुरू व्हायची आणि चार लाखांच्या वर सहज जायची. त्यात वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि त्या सगळ्यावर जीएसटी. पेन्शनमध्ये ते बसणारं नव्हतं. म्हणून वापरलेली शोधायची ठरवली. अशा गोष्टी आपल्याकडे थोड्याच लोकांकडे असतात, आणि ते एकमेकांना ओळखतात. एकाला विचारलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. असं करत पुण्यात कोथरूडला एका काकांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे तीन होत्या आणि त्यातली एक विकायची होती.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, भाचा आणि अण्णा. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, जन्मभर यंत्रमागांचे फिटर. आमच्या घराशी त्यांचा जुना घरोबा. ते मला अक्का म्हणतात. त्यांनी ट्राइक कधी पाहिली नव्हती, पण लोखंड खरं बोलतंय की खोटं हे त्यांना कळतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

काकांनी आधी मला त्यांची स्वतःची खालची टॅडपोल चालवायला दिली. गल्लीतून एक चक्कर मारली आणि अंगावर काटा आला, आनंदाने. चक्कर येऊ लागल्यापासून इतकं निर्धास्त मी चालवलंच नव्हतं. पडण्याचा प्रश्नच नाही! थांबलं तरी पाय टेकायला नको, पायडलवर ठेवून तसंच बसून राहायचं. आणि मान वळवावी लागत नाही, कारण दोन्ही बाजूंना आरसे. माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं होतं. थांबल्यावर उठायची वेळ आली तेव्हा भाच्याने एक हात आणि काकांनी दुसरा धरला. सीट 25 सेंटीमीटरला. स्टुलाचा आकडा खरा निघाला.

मग विकायची होती ती बाहेर काढली. युरोपात बनलेली, सीटची उंची 42 सेंटीमीटर, पाठ जरा उभी, साधारण 50 अंशांची. खालच्या ट्राइकइतकी वाऱ्याला ती कापत नाही, वळणावर तिच्याइतकी चिकटूनही राहत नाही, म्हणून वळताना वेग उतरवायचा. पण बसले आणि उठले. पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. कुणाचा हात नाही. उभ्या पाठीमुळे मानेवरही ताण येत नव्हता. खूप रेललं की डोकं पुढे धरून ठेवावं लागतं आणि मान दुखते, म्हणून तिथे मानेला वेगळा टेकू लावतात.

काकांनी एक गोष्ट चालवायला देण्याआधीच समजावली, आणि ती फार महत्त्वाची आहे. या सायकलवर पाय हवेत समोर असतात. वेगात असताना पाय पायडलवरून घसरून जमिनीला लागला तर ट्राइक पुढे जातच राहते आणि पाय आडव्या दांड्याखाली ओढला जातो. घोटा मोडू शकतो. म्हणून पाय पायडलला धरून ठेवणारं काहीतरी हवंच. शर्यतवाले बुटाच्या तळाला खटका बसवतात. मी टाच अडकवायचे पट्टे असलेले पायडल घेतले; साध्या बुटांवर चालतात आणि उतरताना पाय सहज निघतो.

तोवर अण्णांनी ट्राइकशी बोलणं सुरू केलं होतं. पुढचं प्रत्येक चाक वर आणि खाली धरून हलवलं. डावं चाक किंचित खेळत होतं. किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिचा, बुश झिजलेला. मग आडव्या दांड्याचे वेल्डिंगचे जोड ओल्या फडक्याने पुसून, मोबाइलचा टॉर्च लावून, रंगाला केसाएवढी चीर आहे का ते पाहिलं. तिथे चीर असती तर पुढचं काही बघायचंच नव्हतं. नव्हती. चेन मापली. पिनपासून पिनपर्यंत 24 कड्या म्हणजे बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. 12 वर एक सोळांश इंच गेलं की चेन बदलायची वेळ आली, एक अष्टमांश गेलं की मागचे दातेही गेले समजायचं. आमची सोळांशाच्या आत होती. ट्राइकची चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडल्याएवढी लांब असते, म्हणून हा तपास खर्चाचाही आहे. सीटखालून चेन जिथून वळते त्या कप्प्या फिरवून बघितल्या.

मग ते पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ हात फिरवत राहिले. "अक्का, हे चाक पळत नाही, घासत चाललंय." टायरच्या बाहेरच्या कडेला पक्ष्याच्या पिसासारखा खरबरीतपणा आला होता, एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर बोचतो. त्यांनी दोन्ही टायरच्या मधोमध खडूची खूण केली, खुणा समोर आणून आसाच्या उंचीवर दोन्हींतलं अंतर घेतलं, मग ट्राइक अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा घेतलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी असावं लागतं. इथे सात कमी होतं, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांकडे बघत चालली होती. दोन चाकांना जोडणारी सळई असते, तिच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे. काकांच्या परवानगीने अण्णांनी दोन्हीकडचे लॉकनट सैल केले, सळई थोडी थोडी फिरवत, प्रत्येक वेळी मोजत, फरक दोनवर आणला. मी परत चक्कर मारली. तीच गल्ली, तोच गिअर, आणि ट्राइक हातभर जास्त घरंगळली. काका स्वतः चालवून आले आणि काही बोलले नाहीत, नुसते हसले.

बुश आणि पुढची दोन टायरं यांचा खर्च मी करायचा हे धरून व्यवहार 1 लाख 40 हजारांवर ठरला. सायकलला नोंदणी लागत नाही, पण मी कागदावर विक्रीची पावती करून घेतली, त्यात फ्रेमवर कोरलेला नंबर, दोघांच्या सह्या आणि तारीख. उद्या चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला तेवढंच असतं. आणायचा प्रश्न सोलापूरकरासाठी सोपा: इथून टॉवेल-चादरी भरून गेलेला टेम्पो रिकामा परत येत असतो. अण्णांच्या ओळखीच्या टेम्पोत गोणपाट गुंडाळून ती दुसऱ्या दिवशी दारात आली. पितळी बुश अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर कातून घेतला.

मोटर लावायचा मोह झाला होता. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी लागत नाही. पण मला पाय चालवायचे होते. सत्तरीत लावीन.

पायडलची नळी बसवायला वेळ दिला. पायडल सगळ्यात लांब असताना गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. फार जवळ असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, फार लांब असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवी डोलते, आणि चकतीवाल्याला ते परवडत नाही. अर्धा सेंटीमीटर सरकवायचं, दोन-तीन दिवस चालवायचं, मग ठरवायचं. सुरुवातीला मांड्यांचे वेगळेच स्नायू दुखतात. दुचाकीवर जे आयुष्यभर झोपलेले होते ते जागे होतात. त्याला घाबरायचं नाही.

कपड्यांचं बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हे पुरुषांच्या लिहिण्यात येत नाही. टॅडपोलची पुढची चाकं आपल्या दोन्ही हातांच्या अगदी शेजारी फिरतात. मोकळी ओढणी थेट स्पोकमध्ये जाईल. मी ओढणी घेतच नाही, कुडत्यावर जाकीट घालते, आणि सलवारीऐवजी तळाशी घट्ट विजार. पुढच्या दोन्ही चाकांना मडगार्ड आवश्यक आहेत, पावसातल्या चिखलासाठी आणि बाहीसाठीही. खिशातल्या किल्ल्या मागे सरकून पडतात, म्हणून चेनचा खिसा.

जाळीचं सीट घेतलं याचं समाधान एप्रिलमध्ये झालं. टणक कवचाचं सीट जोर जास्त चांगला पोचवतं म्हणतात, पण इथे पारा चाळीशी ओलांडतो, पाठीला वारा लागलाच पाहिजे. तरी उन्हाळ्यात साडेसातच्या आत मी घरी असते. रेलून बसल्यावर ऊन थेट चेहऱ्यावर येतं, म्हणून लांब झापाची टोपी आणि गॉगल. सकाळी पूर्वेकडे तोंड करून अक्कलकोट रोडला जाणं मी टाळते. डोळ्यांवर सूर्य आला की मलाच समोरचं दिसत नाही. जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवरून कंबर तलाव, तिथून सात रस्ता, कधी पार्क चौकातून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत आणि परत.

खड्ड्यांची सवय वेगळी करावी लागते. दुचाकीचा माग एक, तिचा तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी काढली तर मागचं बरोबर त्यात जातं. म्हणून एक पुढचं चाक मुद्दाम घालायचं आणि बाकीची दोन वाचवायची, किंवा लांबून वळसा घ्यायचा. गतिरोधकावर दोन्ही पुढची चाकं एकदम चढली पाहिजेत, तिरकं गेलं की अंग पिळतं. आमच्या भागातले काही गतिरोधक इतके उंच आहेत की खालच्या ट्राइकचा पोटाचा भाग घासलाच असता. ब्रेकचे दोन लिव्हर दोन वेगळ्या चाकांचे असतात, दोन्ही सारखे दाबायचे, नाहीतर ट्राइक एका बाजूला खेचते. आणि बसण्या-उठण्याआधी पार्किंगचा ब्रेक लावलाच पाहिजे. उठायला रेटा देता यावा म्हणून अण्णांनी सीटच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पाइपच्या मुठी बसवल्या, क्लॅम्पने. फ्रेमला छिद्र नाही आणि वेल्डिंग नाही, हे त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं.

ट्रकवाल्याला आपण दिसतो का, ही काळजी घरच्यांना सगळ्यात जास्त होती. लवचिक काठीवर नारिंगी झेंडा, मागे दिवसासुद्धा लुकलुकणारा लाल दिवा, आणि हायवेला अंधारात जायचं नाही हा नियम. खरं सांगायचं तर दुचाकीवर असताना वाहनं जितकी चिकटून जात, त्यापेक्षा आता लांबून जातात. रस्त्यावर न ओळखीचं काही दिसलं की माणूस आपोआप हळू होतो. कुत्र्यांची मात्र तोंडं आपल्या तोंडाच्या उंचीला येतात. मी थांबते, मोठ्याने "हाड" म्हणते, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

पंक्चरवाल्याचं सांगायचं राहिलं. पुढची चाकं एकाच बाजूने आसावर बसवलेली असतात, दुसरी बाजू मोकळी. त्यामुळे चाक न काढताच टायर उतरतं आणि ट्यूब बदलता येते. आसरा चौकाजवळच्या आमच्या पंक्चरवाल्याने पहिल्यांदा पान्हा हातात घेतला, चाकाभोवती फिरला आणि पान्हा खाली ठेवला. "मॅडम, ह्यात सोडायचंच काय नाही की." मागच्या चाकाचं काम मात्र तसं नाही, गिअर आणि लांब चेन सांभाळत ते काढावं लागतं, म्हणून मागच्या टायरला मी आतून जाड पट्टी घातली आहे. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांना तीच पुरते.

खर्चाचा शेवटचा आकडा विचाराल तर बुश, दोन टायरं, पट्ट्यांचे पायडल, आरसे, झेंडा, दिवे, टेम्पो आणि मुठी धरून वर साडेबारा हजार गेले. अण्णांनी मजुरी घेतली नाही, म्हणून त्यांच्या नातीच्या दहावीच्या गणिताची शिकवणी माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर उन्हं उतरली की अक्कलकोट. तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. त्याआधी मागे कॅरिअर लावायचं आहे आणि चाकांचं पुढचं-मागचं अंतर पुन्हा एकदा मोजून घ्यायचं आहे. नवी टायरं बसल्यावर ते बघावंच लागतं. सोलापुरात कुणाला नुसतं बसून-उठून बघायचं असेल तर जरूर यावं, फक्त येण्याआधी घरी स्टुलावरचा आपला आकडा काढून आणावा.